वरच्या पाण्याचा मासा

सुरैया आत्तारने डोळा भिंगाला लावला, काढला, खालचा आरसा खिडकीकडे थोडा फिरवला आणि पुन्हा लावला. उजेड वाढला, गोंधळ होता तेवढाच राहिला.

चार दिवस तिचं हेच चाललं होतं. पौडच्या पेठेत अब्बांचं किराणा दुकान, दुकानामागे खोली, खोलीत अम्मीचं शिवणयंत्र आणि त्या यंत्राच्या फळीवर कॉलेजातून आणलेला सूक्ष्मदर्शक. तो तिने पुण्याहून एस.टी.ने आणला होता, गोधडीत गुंडाळून, तान्ह्या पोरासारखा मांडीवर घेऊन. "ह्याचं अर्धं तिकीट फाडू का?" असं कंडक्टरने विचारलंही होतं. सूक्ष्मदर्शकाला दिवा नव्हता. आरशावर ऊन पडेल तेवढंच दिसायचं, म्हणजे सकाळी नऊ ते दुपारी चार. बाकी वेळात अम्मी त्याच फळीवर झबली शिवायची.

भिंगाखाली होता कृमी. जिऱ्याच्या एका दाण्याचे दहा तुकडे केले, तर त्यातल्या एकाएवढा. हा माशाच्या कल्ल्यावर राहतो, पण नुसत्या डोळ्यांना कल्ल्यावरच्या बुळबुळीतून वेगळा दिसत नाही. डोक्याकडे चार काळे ठिपके, शेपटीकडे दोन मोठे आकडे. आकड्यांनी तो कल्ल्याची लाल पाती धरून बसतो. कॉलेजच्या सरांनी तिला पौडला पाठवताना सांगितलं होतं, "दोन जाती आहेत. अंग सारखं, ठिपके सारखे, लांबी सारखी. फक्त आकड्याचं मूळ बघायचं. आखूड असेल तर आपला जुना, फारसा त्रास न देणारा. लांब असेल तर नवा, बियाण्याबरोबर आलेला. तो कल्ले पोखरतो. चुकू नकोस."

चुकून चालणार नव्हतं ते कुशाबासाठी. पौडपासून कोसभरावर, ओढ्याला बांध घालून कुशाबाने एक तळं केलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यात मत्स्यखात्याकडून आणलेलं सायप्रिनसचं बी, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडलं होतं. हा मासा मूळचा परदेशी. त्याचं नाव काही कुशाबाच्या जिभेवर बसलं नाही, तो त्याला 'सायपरीन' म्हणायचा. आता त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यात खात्याचे जयसिंगसाहेब पौडला आले आणि म्हणाले, की त्या वर्षीच्या बियाण्यात नवा कृमी होता असं कळतंय. तो कुशाबाच्या तळ्यात असेल तर मृगाच्या आत तळं फोडायचं, मासे मारायचे, चुना टाकायचा. नाहीतर पहिल्या पुरात पाणी सांडव्यावरून ओढ्याला जाईल, ओढ्यातून नदीला, आणि मग कृमीला कोण आवरणार? नसेल तर तळ्याला हात लावायचा नाही. आहे की नाही, ते कॉलेजने सांगायचं. कॉलेजात पौडची मुलगी एकच होती.

तिने मासे मागवले ते गोजराबाईकडून. गोजराबाई म्हणजे पाटी डोक्यावर घेऊन दारोदार मासे विकणारी, पौडमधल्या अर्ध्या घरांची मासळी ठरवणारी बाई.

"मावशी, मला सायप्रिनस हवेत. वरच्या पाण्यातले पाच आणि खालच्या पाण्यातले पाच. आणि ते एकमेकांत मिसळायचे नाहीत हं."

"दोनी कशाला गं? कालवणाला खालचं कुनी घेतं का?"

"कालवणाला नाही मावशी. किडा बघायचाय."

"या बया! किडा बघाया मासं!" गोजराबाई हसली होती. "आनते. वरच्याच्या शेपटीला तांबडी चिंधी बांदते, खालच्याच्या पांढरी. मग तर झालं?"

झालं. दहा मासे आले, चिंध्यांसकट. सुरैयाने नियमाने काम केलं. आपलं मन कुठल्या बाजूला झुकू नये म्हणून माशांना फक्त एक ते दहा नंबर दिले आणि कुठल्या नंबराला कुठली चिंधी ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून पान मुडपून टाकलं. प्रत्येक माशाच्या कल्ल्यातून चार कृमी काढले, काचपट्टीवर ठेवले, आकड्याचं मूळ मोजलं. चाळीस आकड्यांचे चाळीस आकडे वहीत उतरले.

आणि तिथेच गाडी अडली. वीस मुळं आखूड होती, भिंगातल्या मोजपट्टीची नऊ-दहा घरं. वीस लांब होती, पंधरा-सोळा घरं. मधलं काहीच नाही. एकाच तळ्यातले, एकाच वयाचे, एकाच बियाण्याचे मासे. काहींवर फक्त हे, काहींवर फक्त ते. असं कसं होईल? एका तळ्यात दोन जाती असतील तर त्या एका माशावर शेजारी शेजारी दिसायला हव्यात. पाणी एक, तर कृमी इकडून तिकडे जाणारच. तिला वाटलं, वरची काच जास्त दाबली गेली असेल. पुन्हा मोजलं. मग वाटलं, लांब मुळाचे म्हातारे असतील आणि आखूड मुळाचे तरणे. पण अंगाची लांबी सारखीच. चौथ्या दिवशी तिला स्वतःच्या डोळ्यांचाच संशय यायला लागला. तिने अब्बांना बोलावून भिंगात बघायला लावलं.

अब्बा बराच वेळ बघत राहिले. "छान आहे," ते म्हणाले.

"काय छान आहे?"

"ते काळं काळं."

"अब्बा, ती तुमची पापणी आहे."

शेवटी तिने मुडपलेलं पान उघडलं. लांब मुळाचे वीसच्या वीस कृमी तांबड्या चिंधीच्या माशांवर होते. वरच्या पाण्यातल्या.

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सायप्रिनस हा तळाचा मासा. चिखलात तोंड घालून चरणारा. तो पाण्याच्या वरच्या थरात येतो कधी? कल्ले खराब झाले, श्वास पुरेना, की वर येऊन तोंड वासतो. म्हणजे वर तरंगणारे ते आजारी आणि आजारी ते नव्या कृमीचे! खाली आहेत ते अजून धडधाकट, त्यांच्यावर जुना कृमी. दोन गोष्टी मात्र तिला टोचत राहिल्या. तांबड्या चिंधीचे मासे आजारी म्हणावेत तर चांगले हातभर होते, पांढऱ्यांच्या दीडपट. आणि त्यांना चिखलाचा वास नव्हता. या दोन्ही गोष्टी तिने वहीत लिहिल्या, पण अहवालात घेतल्या नाहीत. अहवालात त्यांना जागा कुठे होती?

शुक्रवारच्या एस.टी.ने अहवाल गेला. शनिवारी सरांनी तो जयसिंगसाहेबांना दिला. सोमवारी सकाळी आठ वाजता तळं फोडायचं ठरलं. रविवारी कुशाबा दुकानात तंबाखू घ्यायला आला. अब्बांशी बोलला नेहमीसारखा, पण जाताना मागच्या खोलीच्या दाराशी थबकला.

"पोरी, दिसला का गं किडा तुला? सोताच्या डोळ्यांनी?"

"दिसला, कुशातात्या."

"मग हाय बाबा," तो म्हणाला. "तू शिकल्याली. मला तर त्येंच्या अंगावर कायबी दिसत न्हाई." आणि गेला.

सोमवारी सकाळी आठच्या सुमाराला गोजराबाईची पाटी दारात उतरली. अम्मीने, म्हणजे बीबीजानने, उंबऱ्यात बसून एक मासा उचलला, कल्ला उघडला, नाकाशी नेला आणि परत टाकला.

"हा नको. खालच्या पाण्याचा आहे."

"न्हाई ओ भाबी, वरच्याच पान्याचा हाय!"

"मला शिकवू नकोस. मागच्या जुम्म्याला असंच सांगून दिलास. कालवण चिखल चिखल. पोरांचे अब्बा ताटावरून उठले."

"ताटावरनं उटले ते तुमच्या मिरचीनं! ह्यो बगा, पाठ बगा कशी काळीभोर हाय. तळ्यातल्याची आसती का आशी? ह्यो वरच्या पान्याचा, धरनातला, काल सांजच्याला जाळ्यात आल्याला. खालचं मी आनते कुटं? एक कुशाबाचं तळं, आन् ते तर आज फोडत्यात."

आत सुरैया केस विंचरत होती. कंगवा तसाच केसांत राहिला.

"मावशी," ती बाहेर येऊन म्हणाली, "वरचं पाणी म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे? वरचं पानी. धरनाचं."

"आणि खालचं?"

"धरनाच्या खालचं. तळीबिळी, डबरी." गोजराबाईने अम्मीकडे बघितलं. "हिला काय झालंय?"

"तू मला ते तांबड्या चिंधीचे पाच मासे दिलेस, ते... ते तळ्यात वर तरंगणारे नव्हते?"

"तरंगनारं?" गोजराबाईला आता राग आला. "मेल्यालं मासं दीन व्हय मी? मुळशीच्या धरनातलं होतं ते! तूच म्हनालीस, दोनी पान्यातलं पायजेत. सकाळच्या पयल्या गाडीनं मी वर धरनाकाठी माल्याला गेल्ते, चिंध्या घिऊन."

सुरैयाचा जन्म पौडात गेला, पण मासा तिला ताटात भेटला होता नाहीतर पुस्तकात. पुस्तकात पाण्याला थर असतात, वरचा, मधला, तळाचा. बाजारात पाण्याला थर नसतात, गावं असतात. हे अम्मीला ठाऊक होतं, अब्बांना ठाऊक होतं, जेवताना शंभरदा बोललं गेलं असेल. तिच्या कानांवरून ते गेलं होतं.

म्हणजे नवा कृमी धरणात होता आणि तळ्यात जुना. म्हणजे तिने बरोबर उलटं... की तसंही नाही? तळ्यातले मासे तिने पाचच बघितले होते. पाचांवर नाही म्हणून तळ्यातच नाही, असं म्हणता येतं? आणि बी तर त्याच वर्षीचं होतं. मग तळ्यात का नसावा? काल ज्या वहीत सगळं स्वच्छ दिसत होतं, त्या वहीत आता काय खरं ते तिला एका ओळीबद्दलही सांगता येईना. घड्याळात साडेआठ वाजले होते.

"अब्बा, सायकल काढा!"

अलाउद्दीनशेठ पुढे पँडल मारतायत, मागे कॅरिअरवर पोरगी, तिच्या मांडीवर गोधडीतलं यंत्र, हे दृश्य त्या दिवशी अख्ख्या पेठेने पाहिलं. "शेठ, शिवणयंत्र विकाया काढलं का?" असं कुणी तरी विचारलंही. अब्बांना धाप लागली होती, नाहीतर त्यांनी ठेवणीतलं उत्तर दिलं असतं.

तळ्यावर पोचले तेव्हा सहा माणसं बांधाच्या कडेला फावड्याने खणत होती. हातभर चर पडला होता आणि त्यातून गढूळ पाणी ओढ्याच्या कोरड्या पात्रात मुरत होतं. पलीकडे चुन्याची पोती. जयसिंगसाहेब मोटारसायकलला टेकून कागद वाचत होते. कुशाबा तळ्याकडे पाठ करून बसला होता.

"साहेब, थांबवा," सुरैया म्हणाली. "माझा अहवाल चुकलाय."

जयसिंगसाहेब तिशीचे, शांत माणूस. त्यांनी कागद उलटा करून तिच्यासमोर धरला. "ही सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग काय चुकलंय?"

तिने सांगितलं. वरचं पाणी, खालचं पाणी, चिंध्या. खणणाऱ्या माणसांनी हात थांबवले. त्यांच्यातला बहिरू नावाचा गडी मोठ्याने हसला. "आवो, वरचं पानी म्हंजे धरनाचं, ह्ये शेंबड्या पोराला इचारा!"

"मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही," सुरैया म्हणाली. तिचे कान तापले होते. "साहेब, बारा वाजेपर्यंत वेळ द्या. इथले मासे मी स्वतः काढून बघते. तुमच्यासमोर."

साहेबांनी घड्याळ बघितलं, मग चराकडे. "दोन पाट्या माती टाका त्यात. बारापर्यंत."

मासे काढायला जाळं लागलंच नाही. कुशाबा उठला, काठावर जाऊन त्याने घमेल्यावर दगडाने टकटक केली, मूठभर कोंडा टाकला, आणि पिवळट पाठींचा घोळका त्याच्या पायांशी आला. तो गुडघाभर पाण्यात उतरला. एक हातात धरला, बघितला, सोडला.

"ही नगं. हिच्या पोटात गाभोळी हाय."

दुसरा धरला, तोही सोडला. तिसरा बराच वेळ धरून ठेवला आणि तिच्याकडे न बघता काठावर टाकला. असे चार टाकले.

बांधावर चुन्याच्या पोत्यावर फळी ठेवून तिने यंत्र मांडलं. तिथे ऊन भरपूर होतं, खोलीत कधी मिळालं नव्हतं एवढं. पहिल्या माशाचे पाच कृमी, सगळे आखूड. दुसऱ्याचे पाच, आखूड. तिसऱ्याचेही तसेच. मोजताना ती आकडा मोठ्याने सांगायची आणि अब्बा दुकानातल्या वळणदार अक्षरात लिहायचे. नऊ. दहा. नऊ. नऊ. बांधावर माणसं उकिडवी बसून ऐकत होती.

चौथ्या माशाच्या शेवटच्या कृमीवर ती थांबली.

"किती?" अब्बांनी विचारलं.

बारा दिसत होते. बारा हे नऊही नव्हते आणि सोळाही. तिने आरसा फिरवला. बारा. मग वरची काच उचलून पाण्याचा आणखी एक थेंब सोडला, म्हणजे दाब कमी होईल. कृमी जरा वळला. आता दहा दिसले. की साडेदहा? आधी काच दाबली गेली होती की आता आकडा तिरपा झालाय? तिला दहा हवे होते, हे तिला माहीत होतं, आणि म्हणूनच तिचा आपल्या डोळ्यावर विश्वास बसेना. तिने काठाकडे पाहिलं. कुशाबा तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता.

"साहेब, तुम्ही बघा."

जयसिंगसाहेबांनी बघितलं. "मला मोजपट्टीच दिसतेय फक्त. तुम्ही सांगा. आहे की नाही?"

"वीसपैकी एकोणीस जुन्या जातीचे आहेत. एकाबद्दल मला माहीत नाही."

"माहीत नाही असं अहवालात लिहितात का?"

"मागच्या अहवालात लिहायला हवं होतं, साहेब. तांबड्या चिंधीच्या माशांना चिखलाचा वास नाही, ते मला जाणवलं होतं. का नाही ते माहीत नव्हतं. ते मी गाळलं."

साहेबांनी बांधावरून एक चक्कर मारली. बहिरूने तंबाखू मळायला घेतली. पाणी चरातल्या मातीतून अजून थोडं थोडं झिरपत होतं.

"वरच्या पाण्यात पाचच्या पाच माशांवर?" परत आल्यावर त्यांनी विचारलं.

"पाचच्या पाच."

"आणि वरचं पाणी रिकामं करायचं कसं, ते काही कॉलेजात शिकवलंय?"

"नाही."

ते पहिल्यांदा जरासे हसले, पण त्या हसण्यात आनंद नव्हता. "तो एक पुण्याला न्या. सरांना दाखवा. मृगाला अजून दहा दिवस आहेत. तोवर बांध बुजवा. सांडव्याला बारीक जाळी बसवा, माशांसाठी. कृमीचं काय करायचं ते..." त्यांनी कागदाची घडी केली. "लिहा तुमचं. माहीत नाही ते पण लिहा."

फावडी उलटी फिरली. चर बुजायला लागला. कुशाबाने तळ्याकडे तोंड केलं आणि कितीतरी वेळ नुसता बघत बसला. हातभर पाणी कमी झालं होतं. काठाच्या ओल्या चिखलाचा काळा पट्टा उघडा पडला होता.

सुरैया त्याच्याजवळ जाऊन बसली. एक गोष्ट तिला सुटत नव्हती.

"कुशातात्या, बी आणलंत तेव्हा खात्याची गाडी एकच होती?"

"येकच. निम्मं बी वर धरनात वतलं, निम्मं मला दिलं. मीच पिंप उतरवून घेतलं की."

म्हणजे बी तेच, गाडी तीच, दिवस तोच. वर कृमी आणि इथे नाही, किंवा जवळजवळ नाही. "मग तुम्ही इथे काही केलंत का त्याला? आणल्यावर? औषध वगैरे?"

"औशद कुटलं? तळ्यात सोडलं, बास." त्याने हाताचा चिखल पुसला. "दिष्ट काडली तेवडी."

"कुणाची?"

"सायपरीनची. नव्या जिवाची दिष्ट काडल्याबिगर घरात घेत न्हाईत. पर मासं पडलं पान्यातलं, मीठ जाळात टाकून त्यास्नी काय व्हनार? म्हनलं पान्यातच टाकावं. तुज्या बाच्याच दुकानातलं खडं मीठ. पिंपात टाकलं, घटकाभर ठिवलं. बी उतानं व्हाया लागलं तशी आमची कारभारीन वराडली, मग वतलं तळ्यात. वाचलं सगळं."

सुरैयाने वही उघडली. मिठाच्या पाण्यात कल्ल्यावरचे कृमी गळून पडतात असं तिने कुठेतरी वाचलं होतं. कुठे? आणि किती मिठाच्या? तो नवा कृमी तिथेच पिंपात मेला असेल का? मग हा जुना कसा वाचला? की तो मागाहून ओढ्याच्या माशांवरून आला? आणि तो एक, बारा घरांचा, तो कोण? एका बाजूने सुटावं तर दुसऱ्या बाजूने गाठ बसत होती. तिने 'मीठ' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह केलं.

"तात्या, किती मीठ टाकलंत?"

"टाकलं की."

"पण किती? शेरभर? पायलीभर? नीट आठवा, मोजून टाकलंत का?"

कुशाबाने तिच्याकडे बघितलं. सकाळपासून दाबून धरलेलं काहीतरी त्याच्या तोंडावरून सैल झालं.

"येडी का खुळी तू? दिष्ट काडाया मीठ मोजून घेत्यात व्हय?"

मग तो उठला, काठावरचे चारही मासे पाण्यात खळबळून धुतले, एरंडाच्या पानात गुंडाळले आणि तिच्या हातात दिले. "घरी ने. आन् तुज्या आईला आदीच सांग, खालच्या पान्याचं हायेत. चिखल लागंल."